रीफ टाकीसाठी सम्प किती मोठा घ्यावा? टक्केवारी बाजूला ठेवा, टेप हातात घ्या

रीफ टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्यात कोरल (प्रवाळ) पाळायची टाकी, लावायची ठरली की सगळा वेळ डिस्प्लेवर, म्हणजे वर दिसणाऱ्या टाकीवर जातो. लांबी किती, दिवे कुठले, कोरल कुठली. सम्पची, म्हणजे डिस्प्लेखाली कपाटात बसणाऱ्या, पाणी गाळायच्या दुसऱ्या टाकीची आठवण बहुतेकांना होते ती कपाट घरात येऊन उभं राहिल्यावर. मग कुणीतरी सांगतं, "डिस्प्लेच्या २५ ते ४० टक्के घ्या, झालं काम." हा आकडा अगदीच चुकीचा नाही, पण त्याच्या भरवशावर खरेदी करू नका. २८ टक्क्यांचा सम्पसुद्धा पंप थांबताच जमिनीवर पाणी सोडू शकतो. कसं, ते पुढे एका टाकीचा हिशेब करून दाखवतो.

आधी सम्पमध्ये काय चालतं ते दोन मिनिटांत बघू. डिस्प्लेच्या वरच्या कडेला ओव्हरफ्लो, म्हणजे दातेरी कडेची पेटी, असते. तिच्या दातांवरून पाणी सांडतं, पाइपातून आपल्या वजनाने खाली सम्पमध्ये येतं, तिथे गाळलं जातं, स्किमरमधून (फेस काढून त्यासोबत घाण वेगळी करणाऱ्या उपकरणातून) फिरतं, हीटरजवळून जातं आणि शेवटच्या कप्प्यातला रिटर्न पंप ते पुन्हा वर ढकलतो. यात नवशिक्यांच्या हमखास नजरेतून सुटणारी गोष्ट अशी की डिस्प्लेची पातळी कायम दातांच्या उंचीला बांधलेली राहते. पाणी उडून गेलं तरी वर काही दिसत नाही, घट दिसते ती फक्त खाली रिटर्नच्या कप्प्यात. म्हणजे पाण्याची सगळी वाढ-घट सम्पला सोसावी लागते. ती सोसायला त्याच्यात जागा आहे का, हाच आकाराचा खरा प्रश्न आहे.

मोठ्या सम्पचे फायदे उघड आहेत. एकूण पाणी जास्त असलं की तापमान आणि खारेपणा हळू बदलतो, उपकरणं डिस्प्लेतून हटतात, हात घालायला जागा मिळते. तोटा इतकाच की पाणी बदलताना मीठही तेवढंच जास्त लागतं. माझं मत विचाराल तर, कपाटात बसत असेल आणि पुढच्या दोन्ही चाचण्या पार करत असेल तर मोठाच घ्या.

उदाहरणासाठी १२० × ५० × ५० सेंटिमीटरची, १० मिलिमीटर काचेची टाकी धरू. मापं घेताना नेहमी आतली घ्या. आतून ती ११८ × ४८ भरते. पाणी ४६ सेंटिमीटर उंच ठेवलं तर साधारण २६० लिटर होतं. (दगड आणि वाळू काही जागा खातात, ते आत्ता सोडून देऊ.) १,००० घन सेंटिमीटर म्हणजे १ लिटर, एवढं पाठ असलं की पुढचं सगळं गणित शाळेतलं आहे. ११८ गुणिले ४८ म्हणजे ५,६६४. म्हणून या टाकीत पाण्याचा १ सेंटिमीटर थर म्हणजे ५.७ लिटर. हा आकडा एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, तो सारखा लागणार आहे.

पायरी १: कपाट आतून मोजा

सम्पची कमाल मर्यादा कपाट ठरवतं. लांबी, रुंदी, उंची तर मोजाच, पण त्याहून आधी दाराची चौकट मोजा. बऱ्याच कपाटांना मधोमध उभा खांब असतो. आत १०० सेंटिमीटर लांबीची जागा असते आणि दारातून मात्र ५० चाच ऐवज आत जातो. अशा वेळी डिस्प्ले वर चढवण्याआधीच सम्प वरून किंवा मागून आत ठेवावा लागतो, आणि एकदा ठेवला की टाकी रिकामी केल्याशिवाय तो बाहेर निघत नाही. हे चालणार असेल तर चालवून घ्या, पण माहीत असू द्या.

दोन्ही बाजूंना बोटं जातील इतकी फट सोडा. पाइप वरून कुठे उतरतात ते पाहा. टॉप-अपच्या, म्हणजे उडून गेलेलं पाणी भरून काढायच्या गोड्या पाण्याची टाकी कपाटातच बसवायची असेल तर तिची जागा आत्ताच वजा करा. उरलेल्या जागेत सम्प बसवायचा आहे.

पायरी २: स्किमर आधी निवडा, सम्प नंतर

हा क्रम उलटा झाला की कपाळावर हात मारायची वेळ येते. सम्पच्या आत बसणाऱ्या प्रत्येक स्किमरला ठरावीक खोलीचं पाणी लागतं. बहुतेकांना ते १८ ते २५ सेंटिमीटरच्या दरम्यान हवं असतं, नेमका आकडा माहितीपत्रकात दिलेला असतो. पाणी त्याहून खोल झालं तर फेस पातळ, चहासारखा ओला येतो आणि फेस जमा होणारा कप भराभर भरतो. उथळ झालं तर फेस वर चढतच नाही. म्हणून स्किमरच्या कप्प्यातली पातळी पाण्याच्या वाढ-घटीवर सोडायची नसते. त्याच्या पुढे ठरावीक उंचीची उभी काच, म्हणजे बॅफल, लावून ती पक्की करायची असते.

स्किमरचा तळ किती लांब-रुंद आहे ते मोजा. मग उंची मोजा, आणि त्यात कप वर उचलून काढायला लागणारे १२ ते १५ सेंटिमीटर मिळवा. स्किमर ५२ सेंटिमीटर उंच आणि कपाट आतून ६० असेल तर स्किमर बसेल, पण दर दोन दिवसांनी कप धुवायला काढताना तो वाकडा करावा लागेल आणि आतलं काळं पाणी सांडेल. त्या वासाचं वर्णन इथे करत नाही.

आपल्या उदाहरणातल्या स्किमरला २३ सेंटिमीटर पाणी लागतं असं धरू.

पायरी ३: पंप थांबल्यावर किती पाणी खाली येतं ते काढा

सम्पचा आकार ठरवणारी मुख्य पायरी हीच, त्यामुळे इथे घाई करू नका. वीज गेली किंवा तुम्ही पंप बंद केला, तर वरचं पाणी लगेच थांबत नाही. चार ठिकाणांहून ते खाली येत राहतं.

पहिलं आणि सर्वांत मोठं, डिस्प्लेतला वरचा थर. पाणी दातांच्या तळापर्यंत ओसरतं. पण रिटर्नच्या नळीचं तोंड पाण्यात बुडलेलं असेल तर ती नळी उलटी चालू लागते, सायफन होतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत पाणी ओढत राहते. तोंड ३ सेंटिमीटर खाली असेल तर ३ सेंटिमीटरचा थर खाली येणार, म्हणजे आपल्या टाकीत ५.७ गुणिले ३, साधारण १७ लिटर. प्रवाह छान मिळावा म्हणून कुणी तेच तोंड १० सेंटिमीटर खाली वळवलं, तर ५७ लिटर. डिस्प्ले तीच आणि सम्पही तोच, फक्त नळीचं तोंड फिरवलं आणि खालच्या खोलीत तळं झालं.

दुसरं, ओव्हरफ्लोच्या पेटीतलं पाणी. पेटी २० × १० सेंटिमीटरची असेल आणि आतलं पाणी पाइपाच्या तोंडापर्यंत २० सेंटिमीटर उतरणार असेल, तर ते ४ लिटर.

तिसरं, पाइपांतलं पाणी. हे लोकांना वाटतं त्यापेक्षा कमी असतं, दीड लिटर धरा.

चौथं, स्किमर. चालू असताना तो सम्पच्या पातळीच्या वर पाणी आणि फेस धरून ठेवतो. बंद झाला की ते खाली बसतं. मध्यम आकाराच्या स्किमरसाठी ३ लिटर धरायला हरकत नाही.

१७, ४, १.५ आणि ३ मिळून २५.५, म्हणजे २६ लिटर. मी यावर आणखी पाव भाग राखीव धरतो, कारण नळीचं तोंड कधीतरी धक्क्याने हलतं आणि टॉप-अप कधीतरी थोडं जास्त होतं. म्हणजे ३२ लिटर.

आता दोन सम्प तपासू. पहिला ६० × ३५ × ३५, म्हणजे बाहेरून ७३ लिटर, डिस्प्लेच्या २८ टक्के. नियमात चोख बसतो. ६ मिलिमीटर काच वजा केली तर आतून ५८.८ × ३३.८, म्हणजे दर सेंटिमीटरला जेमतेम २ लिटर. स्किमरसाठी पाणी आधीच २३ सेंटिमीटरवर आहे. त्यात राखीव न धरता नुसते २६ लिटर आले तरी पातळी १३ ने चढून ३६ वर जाते. सम्पची आतली उंची ३४.४. रिटर्नच्या कप्प्यात पाणी थोडं खाली असतं, त्याची सवलत दिली तरी दोनेक लिटर जमिनीवर येणारच.

दुसरा ८० × ४० × ४०. आतून ७८.८ × ३८.८, दर सेंटिमीटरला सुमारे ३ लिटर. राखीव धरून ३२ लिटर आले तर पातळी साडेदहा सेंटिमीटरने चढते आणि साडेतेहतीसवर थांबते. आतली उंची ३९.४. वर ६ सेंटिमीटर मोकळे राहतात. हा चालेल.

पायरी ४: आता उलटा पूर तपासा

पहिली चाचणी पार झाली की बहुतेक लोक थांबतात. पण पाणी वरूनही सांडू शकतं. ओव्हरफ्लोच्या पाइपात गोगलगाय अडकली, शेवाळाचा गुंता आला, की खाली येणारं पाणी थांबतं. रिटर्न पंपाला याची खबर नसते. तो त्याच्या कप्प्यातलं पाणी वर फेकत राहतो. बॅफलमुळे बाकीच्या कप्प्यांतलं पाणी जागच्या जागी राहतं, त्यामुळे वर जाणारं पाणी म्हणजे रिटर्नच्या कप्प्यातलं, पंपाच्या तोंडाच्या वरचं पाणी. ते मावायला डिस्प्लेत जागा हवी.

आपल्या टाकीत पाणी ४६ वर आहे आणि काच आतून ४९ ची. वर ३ सेंटिमीटर मोकळे, म्हणजे १७ लिटर. सम्पमध्ये रिटर्नचा कप्पा २० सेंटिमीटर लांब, पातळी २० वर आणि पंप ४ पर्यंत ओढतो असं धरलं तर २० × ३८.८ × १६, साडेबारा लिटर. मावतं. तोच कप्पा 'जागा आहे तर मोठा करू' म्हणून ३५ सेंटिमीटरचा केला तर २१ लिटरच्या वर जातो आणि डिस्प्लेच्या कडेवरून पाणी भिंतीवर. थोडक्यात, सम्प मोठा चांगला असला तरी रिटर्नचा कप्पा हवा तितका मोठा करता येत नाही.

यात एक छुपा भागीदार आहे, तो म्हणजे ऑटो टॉप-अप. रिटर्नच्या कप्प्यातली पातळी घसरली की त्याला वाटतं पाणी उडून गेलं, आणि तो आपल्या टाकीतलं गोडं पाणी ओतायला लागतो. पंप तेही वर पाठवतो. आपल्या हिशेबात वर साडेचार लिटर जागा उरली होती, ती बघता बघता संपते, आणि वर खारेपणाही पडतो. म्हणून टॉप-अप ठरावीक वेळ चालून आपोआप बंद होईल अशी मर्यादा त्यात लावता येते का, हे विकत घेतानाच पाहा.

पाइपांची रचना बदलूनही हा धोका बराच कमी होतो. एकच पाइप असलेल्या डर्सो पद्धतीत तो अडकला की विषय संपला. हर्बी पद्धतीत एक पाइप पूर्ण सायफनवर चालतो आणि दुसरा आणीबाणीसाठी असतो. बीन अ‍ॅनिमल पद्धतीत तीन पाइप असतात: एक सायफनचा, एक थोडंसं पाणी वाहून नेणारा, एक एरवी कोरडा. टाकीला भोकं पाडायची बाकी असतील तर किमान दोन पाइप ठेवा. पण पाइप तीन असले म्हणून ही चाचणी सोडू नका.

कप्पा फार लहानही नको. या आकाराच्या टाकीतून दिवसाला ३ लिटर पाणी उडू शकतं. हवा कोरडी असेल किंवा पाण्यावर पंखा लावला असेल तर जास्तच. २० सेंटिमीटर लांबीच्या कप्प्यात १ सेंटिमीटर म्हणजे पाऊण लिटरभर, म्हणजे टॉप-अप बंद पडला तर रोज ४ सेंटिमीटरची घट. चारेक दिवसांत पंप हवा ओढून घरघरायला लागेल. कप्पा १० सेंटिमीटरचा असेल तर दोन दिवसांतच.

पायरी ५: बॅफल आणि प्रवाह

स्किमरचा कप्पा आणि रिटर्न यांच्यामध्ये तीन बॅफल लावायची पद्धत आहे. पाणी पहिल्यावरून, दुसऱ्याखालून, तिसऱ्यावरून जातं आणि बुडबुडे मागे राहतात. मधली फट अडीच ते तीन सेंटिमीटर ठेवा. काचा धरून या भागाला साधारण ८ सेंटिमीटर लांबी जाते.

बुडबुडे राहतात की सुटतात हे वेगावर ठरतं. सम्पमधून ताशी डिस्प्लेच्या ३ ते ५ पट पाणी फिरलं तरी पुरतं. आपल्याकडे ५ पट म्हणजे १,३०० लिटर. ३ सेंटिमीटरच्या फटीतून हे पाणी सेकंदाला ३ सेंटिमीटरच्या आसपास सरकतं. ३,००० लिटर फिरवायला गेलात तर वेग दुपटीहून जास्त होतो आणि बारीक बुडबुडे थेट डिस्प्लेत पोहोचतात. कोरलांना जोरदार प्रवाह हवा हे खरं, पण तो देण्याचं काम वेव्हमेकरचं, म्हणजे डिस्प्लेत बसवलेल्या प्रवाहाच्या पंपाचं, ते रिटर्न पंपावर टाकू नका. पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. दीड मीटर वर ढकलताना तो बराच घटतो, तेव्हा पंपाचा उंची-प्रवाह तक्ता पाहूनच निवडा.

पायरी ६: कप्पे लांबीत मांडून पाहा

आता पट्टी घेऊन ओळीत मांडा. आतली लांबी ७८.८. रिटर्न २०, बुडबुड्यांचा सापळा ८, उरले जवळपास ५०. त्यात पाणी उतरण्याचा आणि फिल्टर सॉकचा (गाळणीच्या पिशवीचा) कप्पा १८, स्किमरचा ३२. हीटर स्किमरच्याच कप्प्यात, कारण तिथली पातळी पक्की असते. रिटर्नच्या कप्प्यात हीटर ठेवला आणि पातळी उतरली तर तो उघडा पडून तडकतो.

बसलं सगळं, पण रिफ्युजियमला जागा उरली नाही. रिफ्युजियम म्हणजे केटोमॉर्फासारखं मोठं शेवाळ वाढवायचा कप्पा. ते नायट्रेट आणि फॉस्फेट खातं, आणि डिस्प्लेचे दिवे बंद असताना त्याचा दिवा चालू ठेवला तर रात्री घसरणारा पीएच थोडा सावरतो. हवं असेल तर त्याला निदान २५ सेंटिमीटर द्या, म्हणजे सम्प १०५ च्या आसपास जाईल. तेवढं कपाट नसेल तर १० सेंटिमीटरच्या चिंचोळ्या कप्प्यात शेवाळ कोंबण्यापेक्षा ते नसलेलं बरं. चांगल्या स्किमरवर आणि वेळच्या वेळी पाणी बदलण्यावर पहिली दोन वर्षं मजेत जातात.

डोसिंगच्या (क्षार थोडे थोडे सोडणाऱ्या) नळ्या, रिअ‍ॅक्टर (गाळणीचं माध्यम भरलेली नळकांडी) वगैरे नंतर येतातच. त्यांच्यासाठी वेगळा कप्पा करायची गरज नाही, कडेला टांगायला जागा असली की भागतं.

पायरी ७: मीठ घालण्याआधी साध्या पाण्यावर चाचणी

सम्प आला, पाइप जोडले, की आधी गोडं पाणी भरा. सगळं चालू करा, पातळ्या स्थिरावू द्या. रिटर्नच्या कप्प्यावर बाहेरून चालू पातळीची रेघ मारा. मग सगळे पंप एकदम बंद करा आणि पाणी पूर्ण थांबेपर्यंत बघत उभं राहा, अर्ध्यावर सोडून जाऊ नका. थांबलं की तिथे दुसरी रेघ. वरच्या कडेपासून किमान ५ सेंटिमीटर मोकळे हवेत. मग पंप पुन्हा चालू करून पाणी आपोआप जुन्या रेघेवर येतं का, तेही बघा.

दुसऱ्या चाचणीसाठी एक बादली आणि थोडं धैर्य लागेल. टॉप-अप बंद करा, ओव्हरफ्लोचे सगळे पाइप मुद्दाम बुजवा आणि रिटर्न चालू ठेवा. पंप हवा ओढायला लागेपर्यंत डिस्प्लेच्या कडेवर नजर ठेवा. पाणी कडेच्या आत थांबलं तर पास. कडेला टेकायला लागलं तर पंप लगेच बंद करा, पाइप मोकळे करा आणि रिटर्नच्या कप्प्यातली चालू पातळी खाली आणा. त्यानेही भागलं नाही तर कप्प्यात एखादा काचेचा ठोकळा ठेवून त्याची जागा कमी करता येते.

पहिल्या चाचणीत पाणी अपेक्षेपेक्षा जास्त खाली आलं, तर आधी रिटर्नच्या नळीचं तोंड वर घ्या. बरेच जण नळीला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक छिद्र पाडतात, म्हणजे पातळी जराशी उतरली की हवा आत शिरून सायफन तुटतो. युक्ती चांगली आहे, पण त्या छिद्रात कोरलाइन शेवाळ बसतं, नळीसारखं कवच बांधणाऱ्या बारीक गोगलगायी घर करतात, आणि काही महिन्यांत ते बंद होतं. काच पुसाल तेव्हा टूथपिक फिरवून ते मोकळं करा. चेक व्हॉल्व्हचंही (पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या झडपेचंही) तसंच. खाऱ्या पाण्यात त्याच्या पडद्याखाली वाळूचा एक कण अडकला तरी पाणी झिरपत राहतं. हौसेने लावायचा तर लावा, पण सम्पचा हिशेब तो नाहीच असं धरून करा.

दोन्ही रेघा पुसू नका. नवा स्किमर घेतलात, नळीचं तोंड फिरवलंत किंवा पंप बदललात की पंप बंद करून पाणी पुन्हा वरच्या रेघेवरच थांबतंय का ते बघा.